जुन्या मोटारी आणि त्यांची मंडळे : ब्रिटनमधील एका छंदाचा सामाजिक इतिहास

यंत्राच्या जन्माचा वृत्तान्त इतिहासकार जितक्या तपशिलाने लिहितात, तितक्या तपशिलाने त्याच्या वार्धक्याचा लिहीत नाहीत. शोधकाचे नाव, पहिल्या प्रयोगाचा दिवस, एकस्वाचा क्रमांक ह्या गोष्टी ग्रंथांत सापडतात. परंतु तेच यंत्र कालबाह्य झाल्यावर ते कोणी टाकले, कोणी उचलले आणि कशासाठी जपले, ह्याची नोंद क्वचितच मिळते. मोटारगाडी ह्या नियमाला अपवाद ठरली. तिला जुनी होऊन तीस वर्षेही लोटली नव्हती, तोच इंग्लंडमध्ये तिच्याभोवती मंडळे स्थापन झाली, त्यांनी नियम केले, पत्रिका चालविल्या, आणि कोणती गाडी जुनी म्हणावी व कोणती म्हणू नये ह्याविषयी वर्षानुवर्षे वाद घातले. हा सारा खटाटोप फावल्या वेळेचा म्हणून बाजूला सारण्याकडे अभ्यासकांचा कल असतो. तथापि विसाव्या शतकात सामान्य नागरिकांनी विद्यापीठांच्या व सरकारच्या साहाय्यावाचून जे इतिहाससंशोधन केले, त्याचा एक चांगला नमुना ह्या मंडळांत आढळतो. त्या संशोधनाचे दोषही तेथेच आढळतात.

ह्या परंपरेचा आरंभ १४ नोव्हेंबर १८९६ ह्या दिवसापासून मानला जातो. त्या दिवशी ब्रिटनमध्ये नवा वाहनकायदा अंमलात आला. १८६५ च्या कायद्याने यांत्रिक वाहनांवर गावाबाहेर ताशी चार मैल व गावात दोन मैल अशी मर्यादा घातली होती, आणि वाहनाच्या साठ यार्ड पुढे तांबडे निशाण घेतलेला मनुष्य चालावा असे बंधन होते. १८९६ च्या कायद्याने तीन टनांहून हलक्या वाहनांना ह्या जाचातून मोकळे केले व वेगमर्यादा चौदा मैल ठेवली. स्थानिक शासन मंडळाने ती लगोलग बारा मैलांवर आणली. ह्या घटनेच्या आनंदाप्रीत्यर्थ लंडनहून ब्रायटनपर्यंत मोटारींची मिरवणूक निघाली. निघण्यापूर्वी न्याहारीच्या प्रसंगी विंचिल्सीचे अर्ल ह्यांनी एक तांबडे निशाण सर्वांसमक्ष फाडले.

हा प्रसंग जुन्या मोटारींच्या प्रत्येक भोजनसमारंभात आठवला जातो. त्यामुळे त्याची छाननी करणे अगत्याचे आहे. निशाण धरण्याची देशव्यापी सक्ती १८७८ च्या दुरुस्तीनेच गेली होती. पुढे चालणारा मनुष्य तेवढा राहिला होता, आणि तोही वीस यार्डांवर. म्हणजे अर्लमहाशयांनी जे फाडले, ते अठरा वर्षांपूर्वीच कायद्यातून निघून गेलेले चिन्ह होते. मिरवणुकीचे सूत्रधार हॅरी लॉसन हे मोटारींच्या व सायकलींच्या कंपन्या उभारून त्यांचे भाग विकणारे गृहस्थ होते. नव्या वाहनाविषयी लोकांत उत्साह उत्पन्न होण्यात त्यांचे द्रव्यहित गुंतलेले होते. १९०४ साली ह्याच लॉसन ह्यांना फसवणुकीच्या आरोपावरून एक वर्षाची सक्तमजुरी झाली. त्या दिवशी ब्रायटनला पोहोचलेल्या गाड्यांपैकी एक आगगाडीतून आणून, अंगावर चिखल उडवून मुक्कामावर उभी केली, अशीही एक आख्यायिका आहे. ती खरी मानण्याचे कारण नाही; परंतु मंडळांचे सभासद ती हसत हसत सांगतात, हे त्यांच्या वृत्तीचे द्योतक आहे.

ह्याहून गंभीर गोष्ट त्या भोजनांत बहुधा निघत नाही. मिरवणुकीच्या तीन महिने आधी, १७ ऑगस्ट १८९६ रोजी, लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारात प्रदर्शनासाठी फिरणाऱ्या मोटारीखाली सापडून ब्रिजेट ड्रिस्कॉल ही क्रॉयडनची स्त्री मरण पावली. ब्रिटनमध्ये पेट्रोलच्या मोटारीने झालेला पादचाऱ्याचा हा पहिला मृत्यू होय. चौकशीअंती तो अपघात ठरला. ज्या दिवसाला मोटारवाले मुक्तिदिन म्हणतात, त्याच दिवसापासून रस्त्यावर पायी चालणाऱ्याचा हक्क आकसू लागला, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती होणार नाही. स्मरणोत्सव कशाचे स्मरण ठेवतो आणि कशाचे ठेवीत नाही, हा प्रश्न म्हणूनच आरंभी नोंदवून ठेविला पाहिजे.

१८९६ ची मिरवणूक पुढे तीस वर्षे विस्मृतीत पडली. १९२७ साली ‘डेली स्केच’ ह्या वृत्तपत्राने तिची पुनरावृत्ती घडवून आणली, ती वाचकांच्या करमणुकीसाठी. त्या वेळी ह्या गाड्यांना इंग्रजीत जे नाव पडले, त्याचा भावार्थ ‘जुनी खटारी’ असाच होता. गाडीत बसणारे पूर्वीचे पोशाख चढवीत, बघे टाळ्या पिटीत, आणि गाडी चढावावर अडली की हशा पिकत असे. नवी मोटार किती सुधारली आहे हे दाखविण्यास जुन्या मोटारीची फजिती उपयोगी पडत होती. १९३० साली रॉयल ऑटोमोबाइल क्लबने हा उपक्रम आपल्याकडे घेतला. त्याच वर्षी मिरवणूक ब्रायटनला पोहोचल्यावर तेथील ओल्ड शिप ह्या हॉटेलात काही मंडळी एकत्र आली आणि ‘व्हेटरन कार क्लब ऑफ ग्रेट ब्रिटन’ची स्थापना झाली. संस्थापकांत शर्यतपटू व पत्रकार एस. सी. एच. डेव्हिस हे एक होते. जुन्या मोटारींसाठी स्थापन झालेल्या मंडळांपैकी हे अगदी पहिल्या काहींतील एक होय.

मंडळ स्थापन झाल्याने हशा थांबला नाही. पण हसण्याच्या जागेवर हळूहळू दुसरे काही येऊ लागले. मिरवणुकीत घेण्यास योग्य अशी जुनी गाडी कोणती, हे ठरविण्याचे काम मंडळावर आले. सीमा १९०४ च्या वर्षाअखेरची धरण्यात आली. पुढे मंडळाने आपले क्षेत्र १९१८ पर्यंत वाढविले, तरी ब्रायटनच्या वाटेसाठी १९०४ हीच मर्यादा राहिली. ही मर्यादा दिसावयास सोपी, परंतु सिद्ध करावयास अवघड. ब्रिटनमध्ये मोटारींची सक्तीची नोंदणी १९०३ च्या कायद्यान्वये १ जानेवारी १९०४ पासून सुरू झाली. म्हणजे ज्या काळातील गाड्यांचे वय ठरवावयाचे, त्याच्या अगदी शेवटच्या वर्षी सरकारी दप्तर सुरू होते. त्यापूर्वीच्या गाडीला जन्मदाखला नाही. मालकाच्या आजोबांची आठवण, कारखान्याचे एखादे वाचलेले सूचिपत्र, एखादे छायाचित्र आणि प्रत्यक्ष लोखंड, एवढीच साधने हाती असतात.

ह्या अडचणीतून मंडळाच्या कालनिर्णय समितीचे काम उभे राहिले. ताम्रपटाचे वय अक्षरवटिकेवरून ठरविणाऱ्या अभ्यासकाला तिची रीत परकी वाटणार नाही. इंधन पेटविण्यासाठी तापविलेली नळी वापरली आहे की विजेची ठिणगी, ठिणगी बॅटरीवरची आहे की मॅग्नेटोची. इंजिनात हवा घेणारी झडप केवळ शोषणाने उघडते की यंत्राच्या दांड्याने. वळविण्यास दांडा आहे की चक्र. पाणी निवविण्यास पंखदार नळ्यांची वेटोळी आहेत की १९०१ च्या मर्सिडीझनंतर पसरलेली मधाच्या पोळ्यासारखी जाळी, अशी एकेक खूण तपासावयाची. पण खूण आढळली म्हणजे वय सिद्ध झाले असेही नाही. जुन्या गाडीत मालकाने नंतर नवा भाग बसविलेला असू शकतो, आणि स्वस्त गाड्या करणारा कारखाना दोन वर्षांपूर्वीची रीत तशीच चालवीत असू शकतो. शिवाय दोन मोडक्या सांगाड्यांतून एक चालती गाडी उभी करण्याचा प्रघात पहिल्यापासूनच होता. अशा गाडीचे वय कोणत्या अर्ध्यावरून मोजावयाचे? समितीने दाखला दिला तर ब्रायटनची वाट मोकळी, नाकारला तर वर्षानुवर्षांचे श्रम व अभिमान दोन्ही पणास लागतात. एखाद्या सभासदाची लाडकी १९०४ ची गाडी १९०५ ची ठरणे म्हणजे त्या छोट्या समाजातून तिची अर्धी हद्दपारीच होय. मित्राच्या गाडीविषयी मित्रानेच असा निर्णय द्यावा लागतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याच शेजारी बसून जेवावे लागते. मंडळातील स्नेहाची खरी परीक्षा ह्या ठिकाणी होत असे.

ह्या कामाची निष्पत्ती मोलाची आहे. आरंभीच्या काळात मोटारी बांधणारे शेकडो लहान कारखाने होते. त्यांपैकी बहुतेक बंद पडले, आणि त्यांच्या कागदपत्रांची पर्वा कोणी केली नाही. त्यांविषयी आज जे काही निश्चितपणे सांगता येते, त्यातील मोठा भाग हौशी लोकांनी गाड्यांचे सांगाडे चाचपून मिळविलेला आहे. मिरवणूक लोकांना दिसते. गाड्यांची यादी कपाटात राहते. पण इतिहासाच्या दृष्टीने तिचेच महत्त्व अधिक.

दुसरे मंडळ १९३४ च्या ऑक्टोबरात निघाले. त्याचे नाव ‘व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लब’. ‘व्हिंटेज’ हा शब्द मूळचा द्राक्षांच्या हंगामाचा. चांगल्या सालच्या मद्याला तो लावीत. केवळ जुनेपणापेक्षा त्यात सालाची पारख अभिप्रेत आहे. मराठीत आज कोणत्याही जुन्या वस्तूस तो सर्रास चिकटविला जातो, तेव्हा हा भेद नाहीसा होतो. हे मंडळ फारशा श्रीमंत नसलेल्या मोटारप्रेमींसाठी आहे, अशी स्थापकांची भूमिका होती. जी तरुण मंडळी नवी चपळ गाडी घेऊ शकत नव्हती, ती पाच-सात वर्षांपूर्वीची उत्तम गाडी थोडक्या किमतीत घेत. आणि तिला मागास म्हणणाऱ्यांना ‘तुमचीच नवी गाडी हिणकस आहे’ असे उत्तर देत. प्रथम मंडळाने गाडी किमान पाच वर्षे जुनी असावी एवढीच अट घातली होती. पण ही अट पुढे सरकणारी. तिच्यामुळे ज्या हिणकस गाड्यांविरुद्ध मंडळ उभे राहिले, त्याच काही वर्षांनी दारात येऊन उभ्या राहणार! तेव्हा १९३० ची अखेर ही कायमची रेघ ठरली.

ह्या रेघेमागे एक ऐतिहासिक अनुमान होते. महामंदीनंतर विक्रीसाठी स्वस्ताई आवश्यक झाली, ठोकळेबाज पत्र्याचे सांगाडे व एकसारखे भाग रूढ झाले, आणि कारागिराच्या हाताचा ठसा लोपला, असे त्या मंडळींचे म्हणणे. १९३१ साली बेंटली कंपनी डबघाईस येऊन रोल्स-रॉइसच्या हाती गेली, ही घटना त्यांना युगान्तासारखी वाटली. हे अनुमान सर्वांशी मान्य करता येत नाही. १९३० पूर्वीही सुमार गाड्या पुष्कळ होत्या, आणि त्यानंतरच्या गाड्यांनी सामान्य कुटुंबांना जी सोय दिली तिचा विचार ह्या तरुणांनी केलेला दिसत नाही. मंडळालाही हे पुढे जाणवले असावे, कारण १९३१ नंतरच्या निवडक जातिवंत गाड्यांसाठी त्याने एक पुरवणी वर्ग उघडला. कोणती गाडी जातिवंत, ह्यावर मग नवा वाद. पण वादासाठी विषय असणे हीच मंडळाच्या प्रकृतीला मानवणारी गोष्ट होती.

ह्या मंडळाच्या सामाजिक जीवनाचे केंद्र सभागृहात नव्हते. हॅम्पशायरमधील हार्टली विंटनी गावची ‘फीनिक्स’ ही मद्यगृहवजा खाणावळ त्याच्या पूर्वकाळातील भेटीगाठींचे ठिकाण होती. मंडळाचे दीर्घकाळचे कार्यवाह टिम कार्सन ह्यांचा तिच्याशी निकट संबंध होता. अंगणात गाड्या उभ्या राहावयाच्या, त्यांची आच्छादने उघडावयाची, आणि आत जाण्यापूर्वीच अर्धा तास बाहेर जावयाचा. हिवाळ्यात चिखलाच्या चढणींवर गाडी नेण्याच्या परीक्षा, उन्हाळ्यात टेकडी-चढाई. बुगाटी मालकांच्या मंडळाने ग्लॉस्टरशरमधील प्रेस्कॉटची जागा मिळवून १९३८ साली तेथे चढाई सुरू केली होती, आणि ती जागा पुढे ह्या मंडळालाही जवळची झाली. ह्या खेळांत जिंकणे दुय्यम असते असे सभासद सांगतात. ते पूर्णपणे खरे नसले, तरी एक गोष्ट खरी आहे. वाटेत बंद पडलेल्या गाडीपाशी प्रतिस्पर्धी थांबतो आणि आपल्या पेटीतील सुटा भाग काढून देतो. कारखाना नाहीसा झाल्यामुळे तो भाग दुकानात मिळत नाही. तो असतो दुसऱ्या वेड्याकडेच. परस्परावलंबन येथे सौजन्याने आलेले नाही, टंचाईने आले आहे. सौजन्य मागाहून आले, आणि टिकले.

महायुद्धाने ही टंचाई पराकोटीस नेली. खाजगी वापराचे पेट्रोल बंद झाले, आणि लोखंडाच्या मोहिमेत जुन्या गाड्या भट्टीत गेल्या. अशा वेळी मंडळ कागदावर जगले. ‘मोटर स्पोर्ट’ ह्या मासिकाचे १९३६ पासूनचे संपादक विल्यम बॉडी ह्यांनी युद्धकाळात अंक चालू ठेवला. शर्यती होत नव्हत्या, म्हणून वाचकांनीच आपल्या पूर्वीच्या गाड्यांविषयी लिहावे अशी लेखमाला त्यांनी चालविली. कोणी छावणीतून लिहिले, कोणी रुग्णालयातून. गाडी कितीला घेतली, कोठे मोडली, कोणाला विकली, इतका साधा मजकूर. त्या काळच्या मध्यमवर्गीय तरुणांची कमाई, उधारी, हौस व निराशा ह्यांचे इतके निर्व्याज चित्र अन्यत्र मिळणे कठीण. सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकांनी ही लेखमाला अद्याप पुरेशी हाताळलेली नाही. युद्ध संपल्यावरही पेट्रोलची टंचाई संपली नाही. तिच्यापायी १९४७ ची ब्रायटन-यात्रा होऊ शकली नाही, आणि नियंत्रण उठावयास १९५० चा मे महिना उजाडला.

ह्यानंतरची काही वर्षे लेखनाच्या दृष्टीने सुपीक होती. लॉरेन्स पॉमरॉय ह्यांचा ग्रां प्री मोटारींवरील ग्रंथ १९४९ साली आणि सेसिल क्लटन व जॉन स्टॅनफर्ड ह्यांचा ‘द व्हिंटेज मोटर-कार’ हा ग्रंथ १९५४ साली प्रसिद्ध झाला. क्लटन हे पेशाने मालमत्तेचे मूल्यमापक, शिवाय जुन्या घड्याळांचे व चर्चमधील ऑर्गन वाद्यांचे जाणकार. एकाच मनुष्याच्या ठिकाणी हे तीन छंद असावेत हा योगायोग नव्हे. तिन्ही यंत्रे कारागिराने बनविलेली, चालू असतानाच कळणारी, आणि दुरुस्त करताना बिघडविता येणारी आहेत. १९५२ साली लॉर्ड माँटेग्यू ह्यांनी ब्यूली येथे आपल्या वडिलांच्या स्मरणार्थ काही मोटारी मांडल्या. त्यांतूनच १९७२ साली राष्ट्रीय मोटार संग्रहालय झाले.

सामान्य लोकांपर्यंत मात्र हा छंद ग्रंथांनी नेला नाही, एका चित्रपटाने नेला. हेन्री कॉर्नेलियस दिग्दर्शित ‘जेनेव्हीव्ह’ १९५३ साली पडद्यावर आला. दोन मित्र, एक डॅरॅक व एक स्पायकर, ब्रायटनहून परतताना लागलेली पैज, आणि ह्या खुळापायी सुटीचा दिवस गमावणाऱ्या दोन स्त्रिया, एवढीच त्याची सामग्री. नायकाचे काम करणारे जॉन ग्रेगसन ह्यांना त्या वेळी मोटार चालविता येत नव्हती, ही गंमत प्रसिद्धच आहे. चित्रपटानंतर जुन्या गाडीकडे पाहण्याची जनतेची दृष्टी बदलली व मंडळांकडे ओघ वाढला. ज्या दोन गाड्या पडद्यावर एकमेकींशी झुंजल्या, त्या आता हेग येथील लाउमन संग्रहालयात आहेत. परंतु चित्रपटाचा खरा विषय विवाह आहे. मंडळाचा आनंद कोणाच्या वेळावर व कोणाच्या सहनशीलतेवर उभा होता, हे त्यात विनोदाच्या आडून स्पष्ट दिसते. मंडळांत गाडी चालविणाऱ्या स्त्रिया पूर्वीपासून होत्या. तरी थंडीत शेजारी बसून नकाशा धरणारी व परतल्यावर चहा ओतणारी पत्नी हेच नेहमीचे चित्र होते, आणि तिचे नाव यादीत नसे.

फारशा श्रीमंत नसलेल्यांसाठी, ही भूमिका कितपत टिकली? १९८७ च्या नोव्हेंबरात लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधील लिलावात एक बुगाटी रोयाल ५५ लक्ष पौंडांस गेली. मंडळाच्या उद्योगानेच वस्तूला मान मिळाला, मानाने किंमत आली, आणि किमतीने मूळ सभासद बाहेर पडण्याची वेळ आली. कालनिर्णयाचा दाखलाही त्यामुळे निराळा झाला. पूर्वी त्यावर मिरवणुकीतील जागा अवलंबून होती, आता संपत्ती अवलंबून राहू लागली. अशा दाखल्यावर सही करणाऱ्या हौशी मनुष्याची जबाबदारी न्यायाधीशासारखी होते, आणि त्याला वेतन नसते.

भारताचा ह्या इतिहासाशी संबंध जोडताना सावधगिरी हवी. येथे जुन्या उंची गाड्या प्रामुख्याने संस्थानिकांच्या. त्यांच्याविषयी जी कथा सर्वांत लोकप्रिय आहे, म्हणजे अपमान झाल्यामुळे रोल्स-रॉइसने कचरा वाहिला ही, ती एकाच वेळी अनेक महाराजांच्या नावावर सांगितली जाते. एवढ्यावरून तिचे मोल कळावे. दिल्लीत ‘स्टेट्समन’ वृत्तपत्राने १९६४ साली आणि कलकत्त्यात १९६८ साली जुन्या मोटारींचे मेळावे सुरू केले. येथेही लंडनप्रमाणेच आरंभ वृत्तपत्राकडून झाला, हे लक्षणीय आहे. मात्र इंग्लंडातील सभासदाचे हात तेलाने माखलेले असतात, हा त्याच्या अभिमानाचा भाग. आपल्याकडे बहुधा मालक मेळाव्यात बसतो आणि गाडी जिवंत ठेवणारा मिस्त्री मागे उभा राहतो. पितळी भाग ओतणारा, लाकडी सांगाडा जुळविणारा, हुडाचे कापड शिवणारा, ह्यांच्या ज्ञानाची यादी कोणत्याही मंडळाने केलेली नाही.

‘जेनेव्हीव्ह’नंतर पाच वर्षांनी, १९५८ साली, ऋत्विक घटक ह्यांचा ‘अजांत्रिक’ हा बंगाली चित्रपट आला. सुबोध घोष ह्यांच्या कथेवर तो आधारलेला आहे. त्यातील बिमल हा टॅक्सीचालक आपल्या जर्जर शेव्हरोलेवर माणसासारखा जीव लावतो, तिच्याशी बोलतो, आणि लोक त्याला हसतात. भावना तीच आहे. पण बिमलला मंडळ नाही, सुटा भाग देणारा सोबती नाही, आणि ती गाडी त्याच्या पोटाचे साधन आहे. शेवटी ती भंगारात जाते. ओल्ड शिप हॉटेलातील त्या सायंकाळी काय घडले, हे ह्या चित्रपटाशेजारी ठेवून पाहिले म्हणजे अधिक नीट कळते. एकट्याचा जो वेडेपणा ठरला असता, त्याला तेथे नियमावली मिळाली.

अशी नियमावली भारतात अखेर सरकारकडून आली. २०२१ च्या जुलै महिन्यात केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन, प्रथम नोंदणीस पन्नासांहून अधिक वर्षे झालेल्या व मूळ स्वरूपात राखलेल्या खाजगी मोटारी-दुचाकींना ‘व्ही ए’ ह्या अक्षरांची निराळी नोंदणी मिळू लागली. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये. प्रदर्शन, मेळावा, संशोधन, इंधन भरणे व दुरुस्ती एवढ्यासाठीच गाडी रस्त्यावर आणता येते. रोजच्या वा धंद्याच्या कामाला नाही. गाडी मूळ स्वरूपात आहे की नाही हे राज्याने नेमलेली समिती पाहते. लंडनच्या मंडळाने जो प्रश्न मित्रामित्रांत सोडविला, तो येथे कचेरीत गेला आहे. शिवाय येथील रेघ स्थिर नाही, दर वर्षी एक पाऊल पुढे सरकते, त्यामुळे एके काळी टॅक्सी म्हणून राबलेल्या जातीच्या गाड्याही तिच्या आत येऊ लागल्या आहेत. त्यांची कागदपत्रे राजवाड्यात सापडणार नाहीत. शोधावयाची तर मिस्त्रींच्या वह्यांत शोधावी लागतील.